स्मृतिस्तंभाशेजारची भिंत

उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलन या गावात ८ नोव्हेंबर १९८७ च्या रविवारी सकाळी लोक दरवर्षीप्रमाणे युद्धस्मारकापाशी जमत होते. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबले. त्याची आठवण म्हणून ब्रिटनमध्ये नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी गावोगावच्या स्मारकांपाशी मृत सैनिकांना आदरांजली वाहतात. कोटाला कागदी लाल पॉपी लावलेली कुटुंबे, पदके लावून आलेले निवृत्त सैनिक, गणवेशातली शाळकरी मुले असा तो जमाव होता. मानवंदना देणारी लष्करी तुकडी अजून यायची होती. स्मारकाजवळच कॅथलिक चर्चच्या मालकीची, वाचनालयाची म्हणून ओळखली जाणारी जुनी इमारत होती. तिच्या बाजूच्या उंच भिंतीपासून पदपथाच्या लोखंडी कठड्यापर्यंत लोक दाटीवाटीने उभे होते. १० वाजून ४३ मिनिटांनी भिंतीपलीकडे ठेवलेला बॉम्ब फुटला आणि ती भिंत जमावावर कोसळली. मागे भिंत, पुढे कठडा. पळायला वाट नव्हती. अकरा माणसे गेली. त्यांतला एक राखीव दलाचा पोलीस होता, बाकीचे दहाही साधे नागरिक. तीन जोडपी अशी होती की नवरा-बायको दोघेही एकाच वेळी गेले. ६३ जण जखमी झाले. मृत सगळे प्रोटेस्टंट होते आणि त्यांतले बरेच उतारवयातले होते.

उत्तर आयर्लंडमधली ब्रिटिश सत्ता शस्त्राने संपवू पाहणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीने, म्हणजे आयआरएने, दुसऱ्या दिवशी जबाबदारी स्वीकारली आणि खेदही व्यक्त केला. रोख सुरक्षा दलांवर होता, नागरिकांवर नव्हता, असा त्यांचा खुलासा होता. पुढे बऱ्याच जणांनी ही घटना ‘चुकलेला हल्ला’ म्हणूनच नोंदवली. वेळ चुकली असेल, असे फार तर म्हणता येईल. जागा मात्र चुकलेली नव्हती. ती जागा का निवडली गेली हे कळायला सत्तर वर्षे मागे जावे लागते, कारण उत्तर आयर्लंडमध्ये मेलेल्यांची आठवण काढणे हीच भांडणाची गोष्ट होऊन बसली होती.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा संपूर्ण आयर्लंड ब्रिटिश राज्याचा भाग होता. दोन लाखांहून अधिक आयरिश माणसे ब्रिटिश गणवेशात लढली. त्यांत प्रोटेस्टंट होते तसे कॅथलिकही होते. प्रत्येकाची कारणे वेगळी होती. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या प्रोटेस्टंटांना ब्रिटनशी असलेले नाते सिद्ध करायचे होते. अनेक कॅथलिकांना वाटत होते की साम्राज्याला संकटात साथ दिली तर स्वराज्याचे दिलेले वचन पाळले जाईल. त्याच काळात आपल्याकडेही हीच आशा बाळगणारे पुढारी होते. पण १९१६ साली दोन घटनांनी या सामायिक अनुभवाची दोन शकले केली. एप्रिलमध्ये डब्लिनमध्ये उठाव झाला आणि ब्रिटिशांनी त्याच्या नेत्यांना गोळ्या घातल्या. १ जुलैला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत अल्स्टरच्या ३६ व्या डिव्हिजनचे दोन दिवसांत साडेपाच हजार सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. स्वतंत्र आयर्लंडने पहिल्या घटनेला आपला उगम मानले, तर उत्तरेतल्या प्रोटेस्टंटांनी दुसरीला. महायुद्धात लढून आलेला कॅथलिक सैनिक दोन्हीकडच्या कथेत बसेना. दक्षिणेत त्याच्याबद्दल कोणी बोलेना आणि उत्तरेत त्याची आठवण युनियन जॅकखाली उभे राहूनच काढावी लागे. डब्लिनच्या आयलंडब्रिज भागातले भव्य युद्धस्मारक उद्यान १९३० च्या दशकातच उभे राहिले होते. पण ते कित्येक वर्षे दुर्लक्षित पडून होते आणि त्याचे विधिवत समर्पण झाले ते थेट १९८८ मध्ये.

एनिस्किलनमधले स्मारक १९२२ चे. मान झुकवून उभा असलेला सैनिक आणि खाली फर्मॅना परगण्यातल्या मृतांची नावे, असे त्याचे रूप आहे. त्या यादीत दोन्ही पंथांची नावे आहेत. पण स्मारक बसले त्याच सुमारास परगण्याचे राजकारण फाटले होते. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. त्यांतल्या फर्मॅनामध्ये कॅथलिकांचे थोडे का होईना बहुमत होते. तिथल्या परगणा परिषदेने डिसेंबर १९२१ मध्ये डब्लिनच्या संसदेशी निष्ठा जाहीर केली, तेव्हा ती परिषदच बरखास्त करण्यात आली. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे मतदारसंघांच्या सीमा अशा आखल्या गेल्या की बहुसंख्य असूनही कॅथलिकांच्या हाती स्थानिक सत्ता येऊ नये. घरे कोणाला द्यायची, नोकऱ्या कोणाला, हे त्याच सत्तेच्या हातात होते. १९६८-६९ मध्ये नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली ती या अन्यायातून. तिच्यावर लाठ्या चालल्या, दंगली झाल्या, ब्रिटिश सैन्य रस्त्यावर उतरले आणि आयआरएने पुन्हा शस्त्र उचलले. कॅथलिकांची तक्रार खरी होती. ती नाकारून एनिस्किलनचा इतिहास सांगता येत नाही.

पण सीमेवरच्या प्रोटेस्टंट शेतकऱ्याची भीतीही तितकीच खरी होती. १९७० मध्ये अल्स्टर डिफेन्स रेजिमेंट नावाचे स्थानिक सैन्य उभारले गेले. त्यात भरती झालेले बरेच जण दिवसा शेती किंवा दुकान सांभाळत आणि संध्याकाळी गणवेश चढवत. आयआरएने त्यांना गाठले ते बहुतेकदा गणवेश उतरवल्यावर: शेतात, दुधाच्या फेरीवर, घराच्या दारात. मारेकरी काही मिनिटांत सीमा ओलांडून पलीकडे जात. आयआरएच्या दृष्टीने मेलेला माणूस हा ब्रिटिश सैनिक होता. शेजारच्या प्रोटेस्टंट कुटुंबाच्या दृष्टीने तो घरातला कर्ता मुलगा होता आणि त्याच्या मरणाचा अर्थ आपल्याला या भूमीवरून हुसकावून लावणे असाच होता. ज्या लॉर्ड माउंटबॅटनना आपण भारताच्या फाळणीच्या काळातले व्हाइसरॉय म्हणून ओळखतो, त्यांचा बळीही या युद्धाने घेतला. २७ ऑगस्ट १९७९ ला, सीमेपलीकडच्या स्लायगो परगण्यातल्या मलामोर गावाजवळ, आयआरएने त्यांची बोट बॉम्बने उडवली. एप्रिल १९८१ मध्ये तुरुंगात उपोषणाला बसलेला आयआरएचा कैदी बॉबी सँड्स फर्मॅना आणि दक्षिण टिरोन या मतदारसंघातून ब्रिटिश संसदेवर निवडून आला आणि मे महिन्यात, उपोषणाच्या ६६ व्या दिवशी मरण पावला. एकाच मतदारसंघातल्या तीस हजारांहून अधिक लोकांनी ज्याला मत दिले, त्याला त्यांचे शेजारी खुनी टोळीचा माणूस मानत होते. १९८७ मध्ये एनिस्किलनच्या बाजारात हे दोन्ही लोक एकाच दुकानात खरेदी करत.

त्या वर्षी आयआरएला दोन मोठे तडाखे बसले. ८ मे रोजी आर्मा परगण्यातल्या लॉकगॉल येथे पोलीस ठाण्यावर हल्ला करायला गेलेल्या आठ आयआरए सदस्यांना ब्रिटिश लष्कराच्या एसएएस या विशेष दलाच्या सैनिकांनी दबा धरून ठार केले. त्या गोळीबारात एक निरपराध वाटसरूही मारला गेला. नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवसांत बातमी आली की लिबियाहून शस्त्रे घेऊन निघालेले ‘एक्संड’ हे जहाज फ्रेंच अधिकाऱ्यांनी ब्रिटनी किनाऱ्याजवळ पकडले. त्यावर शंभराहून अधिक टन शस्त्रसाठा होता. संघटनेला आपली ताकद दाखवायची निकड वाटत होती, असे यावरून म्हणता येते. पण निकड हे फक्त हल्ल्याचे कारण झाले. लक्ष्य स्मृतिदिनाचा सोहळाच का, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

सुमारे ४० पौंडांचा, म्हणजे १८ किलोंचा बॉम्ब आदल्या रात्री त्या इमारतीत ठेवला गेला. सोहळ्याआधी इमारतीची झडती घेतली गेली नाही. आयआरएने सुरुवातीला असा दावा केला की बॉम्ब दुरून उडवायचा होता आणि लष्कराच्या रेडिओ लहरींमुळे तो आधीच फुटला. तपासात मात्र टायमर वापरल्याचे निष्पन्न झाले. टायमर लावणाऱ्याला फुटण्याच्या क्षणी समोर कोण उभे असेल हे पाहायचेच नसते. तो पाहण्याचा हक्क आधीच सोडून देतो. शिवाय त्या भिंतीच्या आडोशाला दरवर्षी सामान्य लोक उभे राहत, सैनिक रस्त्यावरून संचलन करत येत. गाव छोटे होते. बॉम्ब ठेवणाऱ्यांना, किंवा त्यांना वाट दाखवणाऱ्यांना, हे ठाऊक नसावे यावर विश्वास बसत नाही.

यावर कोणी म्हणेल की हा नुसता तर्क झाला. युद्धात चुका होतात आणि आयआरएने इतर अनेक वेळा आगाऊ इशारे दिले होते. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच त्या दिवशीच्या दुसऱ्या बॉम्बकडे पाहावे लागते. एनिस्किलनपासून वीसेक मैलांवर टलीहॉमन हे खेडे आहे. खरे तर ते एकच खेडे. मधून एक लहान नदी वाहते. अलीकडच्या काठावर टलीहॉमन, ते ब्रिटनमध्ये, आणि पलीकडे पेटिगो, ते आयर्लंड प्रजासत्ताकात. तिथल्या स्मृतिदिनाच्या संचलनाच्या वाटेवरही आयआरएने बॉम्ब पेरला होता. तो एनिस्किलनच्या बॉम्बच्या जवळजवळ चौपट, १५० पौंडांचा होता. त्याला तार जोडलेली होती, म्हणजे कोणीतरी समोर पाहून तो उडवायचा होता. संचलनात बॉइज ब्रिगेड आणि गर्ल्स ब्रिगेड या संघटनांची मुले-मुली होती. तो बॉम्ब फुटला नाही, एवढ्यामुळेच टलीहॉमनचे नाव आज फारसे कोणाला आठवत नाही. एका गावात चूक होऊ शकते. एकाच सकाळी, एकाच परगण्यात, एकाच प्रकारच्या दोन सोहळ्यांवर दोन बॉम्ब ठेवले जातात तेव्हा निवड झालेली असते. शत्रूच्या सैन्याइतकेच त्याच्या शोकालाही लक्ष्य मानायचे, ही ती निवड होती. पॉपी लावून उभा असलेला म्हातारा माणूस त्या हिशेबात साम्राज्याचा प्रतिनिधी ठरला.

एनिस्किलनच्या ढिगाऱ्याखाली गॉर्डन विल्सन नावाचे कापड-दुकानदार आणि त्यांची वीस वर्षांची मुलगी अडकले होते. मुलगी बेलफास्टच्या रुग्णालयात परिचारिका होती. विटामातीखाली त्यांनी एकमेकांचा हात धरून ठेवला होता. ते तिला पुन्हा पुन्हा विचारत होते की तू ठीक आहेस ना, आणि ती हो म्हणत होती. शेवटी तिने वडिलांना सांगितले की माझे तुमच्यावर खूप प्रेम आहे. काही तासांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. त्याच संध्याकाळी विल्सन बीबीसीशी बोलले. मारणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आकस नाही, कडवट बोलण्याने ती परत येणार नाही, मी त्यांच्यासाठी प्रार्थना करीन, असे त्यांनी शांतपणे सांगितले. हे शब्द जगभर गेले. राणी एलिझाबेथ यांनी त्या वर्षीच्या नाताळच्या भाषणात त्यांचा उल्लेख केला. हल्ल्याच्याच दिवशी अमेरिकेत डेन्व्हरमध्ये ‘यू टू’ या आयरिश बँडचा कार्यक्रम होता. बोनोने मंचावरून आयआरएचा आणि दूर बसून क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्या आयरिश-अमेरिकनांचा जळजळीत निषेध केला. चळवळीला अमेरिकेतून पैसा जात असे. त्यामुळे हा निषेध योग्य ठिकाणी पोहोचला. डब्लिनमध्ये हजारो लोकांनी शोकपुस्तिकेत सह्या केल्या. आरोपींना ब्रिटनच्या हवाली करण्याचा वादग्रस्त कायदा प्रजासत्ताकात त्याच डिसेंबरमध्ये लागू झाला.

दोनच आठवड्यांनी, २२ नोव्हेंबरला, एनिस्किलनमध्ये राहून गेलेला सोहळा पुन्हा झाला. हजारो लोक आले. १९८४ मध्ये ब्रायटनच्या हॉटेलात आयआरएच्या बॉम्बमधून स्वतः बचावलेल्या पंतप्रधान मार्गारेट थॅचरही आल्या. ज्या सोहळ्याला विस्कटायचे होते तो आधीपेक्षा मोठा झाला. आयआरएच्या बाजूला राजकीय किंमतही मोजावी लागली. १९८९ च्या स्थानिक निवडणुकांत आयआरएचा राजकीय हात असलेल्या शिन फेन पक्षाच्या उत्तर आयर्लंडमधल्या जागा ५९ वरून ४३ वर आल्या. फर्मॅनामध्ये त्या आठच्या चार झाल्या. कॅथलिक मतदाराने कोणाच्या उपदेशाची वाट न पाहता दिलेला हा निकाल मला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो.

एनिस्किलनला पुष्कळदा संघर्षाचा निर्णायक टप्पा म्हटले जाते. विल्सन यांच्या शब्दांनी सूडाचे हात रोखले, असेही सांगतात. इथे जपून बोलले पाहिजे. दुसऱ्याच दिवशी बेलफास्टमध्ये ब्रिटननिष्ठ बंदूकधाऱ्यांनी कॅथलिक समजून एका तरुण विद्यार्थ्याला गोळ्या घातल्या. तो प्रोटेस्टंट होता. मार्च १९८८ मध्ये जिब्राल्टरमध्ये आयआरएचे तीन सदस्य मारले गेले. त्यांच्या बेलफास्टमधल्या अंत्यविधीवर एका ब्रिटननिष्ठ हल्लेखोराने ग्रेनेड आणि पिस्तुलाने हल्ला करून तिघांना ठार केले. तिथेही शोक करणारा जमावच लक्ष्य झाला. तीन दिवसांनी पुढच्या अंत्ययात्रेत चुकून शिरलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना जमावाने पकडले आणि आयआरएने गोळ्या घालून मारले. ऑगस्ट १९८८ मध्ये बॅलीगॉली येथे बसवरच्या बॉम्बहल्ल्यात आठ सैनिक मेले. आयआरएचा युद्धविराम आला तो १९९४ च्या ऑगस्टअखेर आणि शांतता करार १० एप्रिल १९९८ ला. हिंसेला विरोध करणारे कॅथलिक राष्ट्रवादी नेते जॉन ह्यूम आणि शिन फेनचे नेते गेरी अॅडम्स यांच्या पक्षांमधली बोलणी जानेवारी १९८८ मध्ये सुरू झाली हे खरे. पण त्यांची पूर्वतयारी पाद्री मध्यस्थांमार्फत आधीच चालू होती. तेव्हा एनिस्किलनने युद्ध थांबवले असे म्हणणे पुराव्याला धरून नाही. त्याने एवढेच केले की सशस्त्र लढा आणि मतपेटी एकाच वेळी चालवता येतील हा शिन फेनचा हिशेब तोट्याचा आहे, हे त्यांच्याच मतदारांकरवी दाखवून दिले. ते थोडे नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि तो एनिस्किलनमधल्याच काही कुटुंबांचा आहे. विल्सन यांची क्षमा इतकी गाजली की रागावलेल्यांना आपला राग जणू लपवावा लागला. ज्यांनी आई-वडील दोन्ही गमावले, त्यांच्याकडूनही जगाने तशाच उदारतेची अपेक्षा धरली. हे अन्यायाचे होते. विल्सन यांनी स्वतःच्या वतीने बोललेले शब्द संपूर्ण गावाच्या वतीने म्हटल्यासारखे वापरले गेले. स्वतः विल्सन मात्र आपल्या शब्दांवर विसंबून बसले नाहीत. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनमध्ये आयआरएच्या बॉम्बने दोन मुलांचा बळी घेतला, तेव्हा ते आयआरएच्या प्रतिनिधींना भेटायला गेले, हिंसा थांबवा म्हणून विनवणी केली आणि रिकाम्या हाताने परतले. त्याच वर्षी त्यांना आयरिश सिनेटवर नेमले गेले. जन्माने ते सीमेपलीकडच्या लीट्रिम परगण्यातले, पण डब्लिनच्या सभागृहात जाण्यावरून त्यांना आपल्याच समाजातल्या काहींचा रोष पत्करावा लागला. १९९५ मध्ये, युद्धविरामानंतर जेमतेम दहा महिन्यांनी, ते वारले. आणि बॉम्बचा बारावा बळी तर त्यांच्यानंतर गेला. जखमींमध्ये गावातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते. काही दिवसांतच ते बेशुद्धावस्थेत गेले आणि तेरा वर्षे तसेच होते. त्यांच्या पत्नीने त्यांची सेवा केली. डिसेंबर २००० मध्ये ते गेले, तोवर शांतता कराराला अडीच वर्षे झाली होती. क्षमेची गोष्ट सांगताना त्या तेरा वर्षांची गोष्टही सांगितली पाहिजे.

शोकावरचा मालकीहक्क मात्र हळूहळू सैल झाला आणि हा बदल मी या घटनेचा खरा परिणाम मानतो. १९९१ मध्ये त्या जुन्या स्मारकावर बॉम्बहल्ल्यात गेलेल्यांसाठी अकरा कबुतरे बसवली गेली. सैनिक आणि नागरिक, दोघेही एकाच शिळेवर आले. नोव्हेंबर १९९७ मध्ये, दहाव्या स्मृतिदिनी, अॅडम्स यांनी एनिस्किलनबद्दल जाहीर माफी मागितली. जून २०१२ मध्ये राणी एलिझाबेथ एनिस्किलनच्या प्रोटेस्टंट कॅथीड्रलमधून निघून समोरच रस्त्यापलीकडे असलेल्या कॅथलिक चर्चमध्ये गेल्या. अंतर काही पावलांचे, पण राजपदावरच्या त्यांच्या साठ वर्षांत या बेटावरच्या कॅथलिक चर्चमध्ये त्यांनी टाकलेले ते पहिले पाऊल होते. दुसऱ्या दिवशी बेलफास्टमध्ये त्यांनी आयआरएचे एकेकाळचे म्होरके मार्टिन मॅकगिनेस यांच्याशी हस्तांदोलन केले. त्या नोव्हेंबरात आयर्लंडचे पंतप्रधान एंडा केनी यांनी एनिस्किलनच्या स्मारकावर पुष्पचक्र वाहिले. पॉपीचे नव्हे, हिरव्या लॉरेलचे. महायुद्धात गेलेल्या त्या विस्मृत कॅथलिक सैनिकाकडे आयर्लंडचे सरकार अखेर एनिस्किलनला येऊन पोहोचले होते.

सगळे मिटले असे समजू नये. बॉम्ब फुटला त्या जागेवर २००२ मध्ये बिल क्लिंटन यांच्या नावाचे शांतता केंद्र उभे राहिले. २०१७ मध्ये, तिसाव्या स्मृतिदिनी, मृतांच्या नावांचे नवे स्मारक तिथे उघडले गेले आणि जागेच्या परवानगीचा प्रश्न न सुटल्याने लगेच हलवावे लागले. तीस वर्षांनीही मृतांची नावे कोणाच्या जमिनीवर लिहायची हा वाद होताच. साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेलेल्या या संघर्षातली अनेक प्रकरणे न्यायालयापर्यंत गेलीच नाहीत आणि एनिस्किलन त्यांतलेच एक आहे. कुटुंबे वर्षानुवर्षे चौकशीची मागणी करत आली आहेत. बारा माणसांच्या मृत्यूसाठी आजवर एकाही व्यक्तीला दोषी ठरवण्यात आलेले नाही.